ग्राहकाशी बोलायचे कोणी? : वाचकांचे व्यवसायविषयक प्रश्न

व्यवसायात एआयची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आणल्यावर ग्राहकाशी वर्षानुवर्षे जपलेल्या संबंधांचे काय होणार, या चिंतेतून आलेली तीन पत्रे या वेळी निवडली आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातला पेच आज कितीतरी छोट्या व्यावसायिकांच्या घरात चर्चेला आलेला आहे.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची वडिलोपार्जित हापूसची बाग आहे. गेली बारा वर्षे आम्ही दलालाकडे माल न पाठवता पुण्या-मुंबईतल्या सुमारे चारशे कुटुंबांना थेट पेट्या पाठवतो. एप्रिल-मे महिन्यांत रोज दीड-दोनशे संदेश येतात आणि फोन तर सतत वाजत असतो. तोडणी आणि पेट्या भरणे सांभाळून उत्तरे देणे होत नाही, त्यामुळे काही जणांचे संदेश तसेच राहतात आणि ते रागावतात. माझा मुलगा म्हणतो की व्हॉट्सॲपवर उत्तरे देणारी एआयची सोय बसवू. वडील म्हणतात, लोक आपल्याशी बोलायला फोन करतात, यंत्राशी नाही. कोणाचे ऐकावे?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : तुमचे वडील आणि तुमचा मुलगा दोघेही बरोबर बोलत आहेत, मात्र ते वेगवेगळ्या संदेशांविषयी बोलत आहेत. म्हणून काही विकत घेण्याआधी एक काम करा. गेल्या मे महिन्यातल्या कोणत्याही एका आठवड्याचे सगळे संदेश तिघांनी एकत्र बसून वाचा. बरेचसे संदेश ‘आजचा दर काय’, ‘पेटी निघाली का’, ‘पैसे मिळाले का’, ‘आमच्या भागात घरपोच देता का’ अशा स्वरूपाचे निघतील, असा माझा अंदाज आहे. अशा ग्राहकाला तुमच्या वडिलांचा आवाज ऐकायचा नसतो, त्याला उत्तर हवे असते आणि ते लवकर हवे असते. रात्री अकरा वाजता विचारलेल्या दराचे उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी मिळणे म्हणजे जिव्हाळा नव्हे, ती गैरसोय आहे. इथे मुलाचे म्हणणे मानावे.

पण त्याच आठवड्यात आणखी काही संदेश सापडतील. कोणी विचारले असेल, ‘बाबांच्या वर्षश्राद्धाला हवा आहे, अक्षय तृतीयेच्या आधी नक्की पोहोचेल ना?’ कोणी लिहिले असेल, ‘या खेपेला तीन आंब्यांत साका निघाला’, म्हणजे आतला गर स्पंजासारखा होऊन खराब निघाला. कोणी विचारले असेल, ‘कार्बाईड घालून पिकवलेला तर नाही ना? घरात लहान मूल आहे.’ हे प्रश्न वरवर पाहता दराच्या प्रश्नापेक्षा अवघड नाहीत आणि यंत्र त्यांचीही सफाईदार उत्तरे देईल. तरीही ते वेगळे आहेत, कारण इथे ग्राहक माहिती मागत नाही, तो तुमचा शब्द मागत आहे. आपल्या बाजारपेठेत ‘शब्द दिला’ या दोन शब्दांना जे वजन आहे, तेच तुमच्या आणि त्या चारशे घरांच्या संबंधाचा आधार आहे. म्हणून कोणता प्रश्न सोपा आणि कोणता कठीण हे पाहू नका, त्याच्या उत्तरात माहिती जाते की शब्द जातो हे पाहा. माहिती यंत्राकडून जाऊ द्यावी. वचन, खात्री, सल्ला आणि क्षमायाचना या चार गोष्टी माणसाने स्वतः द्याव्यात. यंत्राने शब्द दिला तर तो तुमच्याच नावावर पडतो आणि तो पाळण्याची जबाबदारीही तुमचीच राहते.

हे केवळ नीतीचे बोलणे नाही. कॅनडातले एक प्रकरण पाहण्यासारखे आहे. २०२२ मध्ये आजीच्या निधनामुळे तातडीने प्रवास करावा लागलेल्या एका प्रवाशाला एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने, म्हणजे आपोआप उत्तरे देणाऱ्या यंत्राने, असे सांगितले की तिकीट आधी काढून नंतर ९० दिवसांच्या आत अर्ज केला, तरी शोकप्रसंगीची सवलत मिळेल. प्रत्यक्षात कंपनीच्या नियमांत प्रवास झाल्यानंतर अशी सवलत मागता येत नव्हती, म्हणून कंपनीने ती नाकारली. वाद ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणासमोर गेला, तेव्हा चॅटबॉटने दिलेल्या माहितीला आपण जबाबदार नाही, अशी भूमिका कंपनीने घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने ती फेटाळली आणि व्याज व शुल्क धरून सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर देण्याचा आदेश दिला. विमान कंपनीला ही रक्कम किरकोळ आहे. मला त्या प्रवाशाची अवस्था अधिक बोचते. घरात मृत्यू झालेला असताना त्याने भरवशाने एक प्रश्न विचारला, त्याला उत्तर मिळाले आणि नंतर ते उत्तर देणाऱ्यानेच हात वर केले.

आता साक्याचा विचार करा, कारण तुमच्या धंद्यात संबंध तुटतो किंवा घट्ट होतो तो बहुधा याच ठिकाणी. साका बाहेरून दिसत नाही, आंबा कापल्यावरच कळतो, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण पैसे मोजून बसलेल्या ग्राहकाला ते ठाऊक असेलच असे नाही. यंत्र त्याच्याकडे ऑर्डर क्रमांक मागेल, छायाचित्र मागेल, तक्रारीचा प्रकार निवडायला सांगेल. यातले काहीही चुकीचे नाही, तरी ग्राहकाला आपल्यावर संशय घेतला जात आहे असे वाटते. तुमच्या वडिलांनी ‘किती निघाले? तीन ना, मग पुढच्या पेटीत तेवढे जास्त टाकतो’ एवढेच म्हटले, तर विषय अर्ध्या मिनिटात संपतो आणि ते घर पुढची दहा वर्षे तुमच्याकडूनच आंबा घेते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तक्रार ऐकणारा माणूस बागायतदार असेल, तर त्याच्या मनात लगेच पुढचे प्रश्न उभे राहतात : ही पेटी कोणत्या तोडणीची होती, चौदा आणे, म्हणजे पूर्ण पक्व होण्याच्या थोडा आधी, तयार झालेला आंबा उतरवला होता की झाडावर जास्त पक्व होऊ दिला होता, उतरवलेला माल तापलेल्या कातळावर किंवा उन्हात किती वेळ राहिला होता. फळ झाडावर अधिक पक्व होणे आणि उष्णता या दोन्हींचा साक्याशी संबंध आहे, हे कोकणात जाणकारांना नवे नाही. म्हणजे ग्राहकाची तक्रार ही तुमच्या बागेची खबर असते. ती यंत्राने परस्पर ‘निकाली’ काढली, तर ग्राहकाला कदाचित भरपाई मिळेल, पण बागेला मात्र काहीच कळणार नाही. तक्रारी यंत्रावर सोपवण्यातला हा तोटा हिशेबाच्या वहीत कधीच दिसत नाही, म्हणून तो इथे मुद्दाम विस्ताराने मांडला.

कार्बाईडच्या प्रश्नालाही हीच कसोटी लावा. कॅल्शियम कार्बाईडने फळे पिकवण्यास आपल्याकडील अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बंदी आहे. ‘आम्ही ते वापरत नाही, गवताच्या अढीत पिकवतो’ हे वाक्य म्हणजे साधी माहिती नसून बाळाच्या आईला दिलेली ग्वाही आहे. ते उत्तर यंत्राला स्वतःच्या शब्दांत रचू देऊ नका. एक तर तुम्ही लिहिलेले वाक्य त्याने जसेच्या तसे पाठवावे आणि खाली तुमचे नाव असावे, किंवा तो प्रश्न सरळ घरातल्या माणसाकडे यावा. देवगडच्या नावाचेही तसेच आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांपुरते आहे. पेटीवर आणि संदेशात कोणते नाव वापरले जाते, याला त्यामुळे अर्थ आहे. विक्री वाढवण्याच्या भरात यंत्राने त्यात काही भर घातली, तर तिचा जाब तुम्हाला द्यावा लागेल.

ही भीती काल्पनिक नाही. आजची ही साधने आधी वाचलेल्या अफाट मजकुराच्या आधारे पुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे, हे ठरवत वाक्ये रचतात. तुमच्या अढीत आज किती डझन आंबा तयार आहे, हे त्यांना आपोआप कळत नाही. माहिती नसली तरी पटेल असे उत्तर तयार करण्याची त्यांची प्रवृत्ती असते. म्हणून सोय बसवायचीच असेल, तर दर, फळाच्या आकारानुसार प्रकार, पेट्या निघण्याचे वार, घरपोच देण्याचे भाग, पैसे भरण्याची पद्धत आणि आंबा घरी आल्यावर कसा ठेवावा याची सूचना, एवढे एका टिपणात स्वच्छ मराठीत लिहून काढा, उत्तर त्या टिपणापुरतेच मर्यादित ठेवा आणि बाहेरचा प्रत्येक प्रश्न माणसाकडे येईल अशी व्यवस्था करून घ्या. दर बदलला की टिपण त्याच सकाळी बदलले पाहिजे. ही जबाबदारी मुलाने अंगावर घ्यायला हवी, कारण जुन्या दराचे तत्पर उत्तर हे उत्तर न मिळण्यापेक्षा वाईट असते.

खरे तर मी तुम्हाला आधी याहून साधी वाट सुचवेन. व्हॉट्सॲपचे व्यवसायासाठीचे वेगळे ॲप २०१८ पासून मोफत उपलब्ध आहे. त्यात आधी लिहून ठेवलेली उत्तरे दोन अक्षरांत पाठवता येतात, तुम्ही बागेत असताना आपोआप जाणारा निरोप ठेवता येतो, दरपत्रक लावता येते आणि ‘पैसे बाकी’, ‘पेटी रवाना’, ‘तक्रार’ अशा खुणा करून संदेश वेगळे काढता येतात. चारशे घरांच्या व्यवसायाला एक हंगाम एवढेच पुरते का, हे पाहा. पुरले नाही, तर पुढच्या वर्षी एआयचा विचार करा. व्हॉट्सॲपच्या नियमांनुसारही आपोआप उत्तरे देणाऱ्या व्यवसायाला ग्राहकासाठी माणसापर्यंत पोहोचण्याचा स्पष्ट मार्ग ठेवावा लागतो. तुम्ही तो मार्ग ‘तक्रार क्रमांक’ म्हणून न देता तुमच्या वडिलांच्या नावाने आणि वेळेसह द्या, म्हणजे ‘संध्याकाळी सात ते नऊ आप्पा स्वतः फोनवर असतात’ असा. तुमच्याकडे त्यांना ज्या नावाने ओळखतात, ते नाव घाला.

भाषेविषयी एक सूचना करावीशी वाटते. यंत्राने ग्राहकाला सरसकट ‘आपण’ म्हणावे आणि पहिल्याच वाक्यात आपण स्वयंचलित मदतनीस असल्याचे सांगावे. त्याने कोणालाही काका, वहिनी, ताई म्हणू नये. तुमचे वडील ज्या बाईंना बारा वर्षे वहिनी म्हणत आले आहेत, त्यांना ते नाते यंत्राच्या तोंडून ऐकवणे म्हणजे नात्याची नक्कल आहे, आणि ती ओळखू येते.

माणसाची जागा यंत्राला पूर्णपणे देता येत नाही, हा धडा मोठ्या कंपन्यांनाही महागात शिकावा लागला आहे. स्वीडनच्या क्लार्ना या वित्तसेवा कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले की तिच्या एआय मदतनीसाने पहिल्याच महिन्यात २३ लाख संवाद हाताळले, म्हणजे ग्राहकसेवेतील सुमारे दोन तृतीयांश, आणि हे ७०० पूर्णवेळ कर्मचाऱ्यांच्या कामाइतके आहे. पुढच्याच वर्षी कंपनीच्या प्रमुखाने खर्च कमी करण्यावर अति भर दिल्याने सेवेचा दर्जा घसरल्याची कबुली दिली आणि ग्राहकाला हवा तेव्हा माणूस मिळाला पाहिजे, असे सांगत पुन्हा माणसे घ्यायला सुरुवात केली. यातून यंत्र निरुपयोगी आहे असा अर्थ काढू नये, कारण ते यंत्र तिथे अजूनही काम करते. मात्र हाताळलेल्या संवादांची संख्या मोजून सेवा चांगली झाली असे मानणे चुकले. तुमच्याकडे याहून चांगले मोजमाप आहे. गेल्या वर्षीच्या वहीतली किती घरे या वर्षीच्या वहीत आहेत, ते मोजा. जी घरे गळली, त्यांना वडिलांना एकदा फोन करू द्या. यंत्रामुळे संध्याकाळचा जो तास मोकळा होईल, तो याच कामासाठी राखून ठेवावा. तो तास आणखी शंभर नवे ग्राहक जोडण्यात घातला, तर वडिलांची भीती खरी ठरेल.

प्रश्न : मी सोलापुरात पंचवीस वर्षे विमा प्रतिनिधी म्हणून काम करते. गेल्या वर्षी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि हप्त्याच्या आठवणी आपोआप पाठवणारी सोय घेतली. दोन महिन्यांपूर्वी एका ग्राहकाचे निधन झाले होते, दाव्याची कागदपत्रेही मीच भरून दिली होती, आणि तरी त्यांच्या वाढदिवशी त्यांच्याच क्रमांकावर ‘आपणास उदंड आयुष्य लाभो’ असा संदेश गेला. तो त्यांच्या पत्नीने वाचला. त्यांनी मला काहीच म्हटले नाही, पण तेव्हापासून मला झोप नाही. ही सोय बंद करावी का?
– एक विमा प्रतिनिधी, सोलापूर

उत्तर : तुम्हाला झोप येत नाही, यावरूनच तुम्ही हे काम कोणत्या भावनेने करता ते कळते. सोयीचे काय करायचे ते नंतर पाहू. आधी त्या ताईंच्या घरी जाऊन या. संदेश पाठवू नका, फोनवरही मिटवू नका. ‘हे माझ्याकडून राहिले, मी त्याच दिवशी नाव काढायला हवे होते’ इतके त्यांच्यासमोर बसून सांगा. यंत्राने पाठवले, असे सांगावेसे वाटेल. ते खरेही आहे, पण त्याने त्यांचे दुःख हलके होणार नाही.

सोय पूर्ण बंद करण्याची गरज नाही, तिची दिशा बदला. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मुलांचे निकाल यांची आठवण यंत्राने तुम्हाला करावी, ग्राहकाला नव्हे. सकाळी तुमच्या फोनवर पाच नावे आली की त्यातल्या कोणाला फोन करायचा, कोणाला दोन ओळी लिहायच्या आणि कोणाच्या घरी यंदा काही झाले असल्याने गप्प राहायचे, हे तुम्हीच ठरवू शकता, कारण पंचवीस वर्षांची ओळख त्या यादीत कुठेच नोंदलेली नाही. सगळ्यांना शुभेच्छा देणे जमले नाही तरी चालेल. मोजक्या पण मनापासून दिलेल्या शुभेच्छा लोकांच्या लक्षात राहतात.

हप्त्याच्या आठवणी मात्र खुशाल आपोआप जाऊ द्या. त्यात ग्राहकाचे खरे हित आहे, कारण मासिक हप्त्याला १५ दिवसांची आणि इतर हप्त्यांना ३० दिवसांची सवलतीची मुदत असते आणि ती उलटली की संरक्षण खंडित होऊ शकते. पहिल्या दोन आठवणी यंत्राने पाठवाव्यात. तरीही हप्ता आला नाही, तर तिसऱ्या वेळी तुम्ही बोला. एरवी वेळेवर भरणारा माणूस थांबतो, तेव्हा बहुतेकदा घरात काहीतरी बिनसलेले असते : नोकरी गेलेली असते, आजारपण आलेले असते, आणि नेमक्या त्याच वेळी पॉलिसी बंद पडणे त्या कुटुंबाला सर्वांत जड जाते. दाव्याच्या कामात तर कोणताही आपोआप संदेश नको. निधनाची बातमी कळताच त्या कुटुंबाशी जोडलेले सगळे आपोआप संदेश त्याच दिवशी थांबवण्याची सवय लावा, आणि एका व्यक्तीचे नाव काढून थांबू नका, कारण पती, पत्नी आणि मुले अशा वेगवेगळ्या पॉलिसींमधून तोच संदेश पुन्हा त्या घरात शिरू शकतो.

तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या पेशात सांगणे आवश्यक आहे. ग्राहकाचे वैद्यकीय अहवाल, आधार क्रमांक, वारसदाराचे तपशील हे पत्राचा मसुदा करून घेण्यासाठी कोणत्याही मोफत एआय साधनात टाकू नका. मसुदा नाव-गाव न घालता करून घ्या आणि तपशील स्वतः भरा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा केंद्राचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. एवढा दंड छोट्या प्रतिनिधीला होईल, असे मला सुचवायचे नाही. लोकांनी आपले आजार तुम्हाला विश्वासाने सांगितले, ते तुमच्यापाशीच राहावेत, हे कारण मला पुरेसे वाटते.

प्रश्न : येवल्यात आमचे पैठणीचे दुकान आहे. वडील आता थकले आहेत आणि दुकानात फार येत नाहीत, पण जुने ग्राहक त्यांच्या आवाजावरून दुकान ओळखतात. एका व्यावसायिकाने असे सुचवले आहे की वडिलांच्या आवाजाची एआयने प्रतिकृती करून सणासुदीला ग्राहकांना आपोआप फोन करता येतील. करावे का?
– एक दुकानदार, येवला

उत्तर : करू नये. ज्यांनी तुमच्या वडिलांशी तीस-चाळीस वर्षे व्यवहार केला, त्यांना वाटेल की ते स्वतः बोलत आहेत, म्हणजे फोन उचलल्या क्षणीच त्यांची फसगत झालेली असेल, मग पुढचे शब्द कितीही गोड असोत. दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. ओळखीच्या माणसाचा आवाज तयार करून पैसे उकळण्याचे प्रकार आता होऊ लागले आहेत. वडिलांच्या यांत्रिक आवाजात आलेल्या फोनवर विश्वास ठेवण्याची सवय तुम्हीच ग्राहकांना लावली, तर उद्या तशाच आवाजात पैसे मागणारा फोन आल्यावर ते सावध होणार नाहीत. शिवाय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार जाहिरातीचे फोन साध्या दहा अंकी क्रमांकावरून करता येत नाहीत, त्यांच्यासाठी १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांची वेगळी मालिका आहे आणि १९०९ वर नोंदणी करून असे फोन नाकारण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

वडिलांना बरे असेल त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांच्या खऱ्या आवाजात मिनिटभराचा निरोप ध्वनिमुद्रित करा. या हंगामात मागावर कोणता पदर आहे, कोणता रंग विशेष उतरला आहे, ते त्यांना त्यांच्या पद्धतीने सांगू द्या, मध्ये खोकला आला तरी तो काढू नका. तो निरोप ज्या ग्राहकांनी व्हॉट्सॲपवर नवीन मालाची खबर मागितली आहे, त्यांनाच पाठवा. सोबत तुम्ही स्वतः लिहा की वडील आता दुकानात रोज येत नाहीत, आपण येणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे त्यांना घेऊन येतो.